क्लब पातळीवरची डाउनहिल माउंटन बाइक शर्यत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सह्याद्रीच्या उतारांवर पहिल्यांदाच शर्यतीला उतरणाऱ्यांचे हे नेहमीचे प्रश्न. हवेचा दाब, सॅग (स्वाराच्या वजनाने सस्पेन्शन किती दबते ते) वगैरेंचे आकडे सुरुवातीपुरते धरा. वजन, टायर आणि ट्रॅक पाहून ते थोडे वरखाली करावे लागतात.

डाउनहिल शर्यत नेमकी कशी असते?

डोंगरावरून खाली टेप लावून आखलेला एक ट्रॅक असतो. स्पर्धक एकेक करून सुटतात, दोघांमध्ये साधारण ३० सेकंद ते एक मिनिटाचे अंतर असते आणि सर्वांत कमी वेळ लागणारा जिंकतो. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या नियमांप्रमाणे ट्रॅक २ ते ५ मिनिटांचा हवा. क्लबच्या शर्यतीत दीड-दोन मिनिटांचा ट्रॅकही चालतो. तो छोटा वाटला तरी खाली पोहोचेपर्यंत पोटऱ्या आणि मनगटे बोलायला लागतात. एंड्युरो या दुसऱ्या प्रकारात उताराच्या अनेक तुकड्यांचा वेळ मोजतात आणि मधले चढ बहुधा स्वतः चढायचे असतात, डाउनहिलमध्ये वर न्यायला गाडी असते. मुख्य फरक हाच.

माझ्याकडची सायकल चालेल का?

‘एमटीबी’ असे नाव असलेली प्रत्येक सायकल यासाठी नसते. दुकानात सर्वाधिक खपणाऱ्या माउंटन बाइकला पुढे १०० मिमी दबणारा, बारीक दांड्यांचा फोर्क (पुढच्या चाकाचा सस्पेन्शनचा चिमटा) आणि १६० मिमीच्या डिस्क असतात. ती मातीच्या रस्त्यासाठी आहे. तिच्यावरून दीड फुटाचा ड्रॉप मारलात तर एकदा निभावेल, विसाव्या वेळी फोर्कचा क्राउन (दोन्ही दांड्या जोडणारा वरचा भाग) किंवा फ्रेमचा पुढचा सांधा जाईल. फ्रेमवरचा स्टिकर किंवा मॅन्युअल पाहा. बऱ्याच कंपन्या १ ते ५ असा वापराचा वर्ग छापतात. वर्ग ३ म्हणजे सुमारे ६१ सेंमीपर्यंतच्या उड्या, वर्ग ४ म्हणजे १२२ सेंमीपर्यंत आणि वर्ग ५ खास डाउनहिलसाठी. क्लबच्या शर्यतीला वर्ग ४ पुरतो.

१५०-१६० मिमी ट्रॅव्हलची, म्हणजे सस्पेन्शन तेवढे दबणारी, ट्रेल किंवा एंड्युरो सायकल पहिल्या दोन मोसमांसाठी उत्तम. मजबूत हार्डटेलही (मागे सस्पेन्शन नसलेली सायकल) चालते, फक्त मागचा टायर जाड हवा आणि गुडघे सैल ठेवायची सवय हवी. २०० मिमीची दुहेरी क्राउनची खरी डाउनहिल सायकल सुरुवातीला घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ती तुमच्या चुका गिळून टाकते, त्यामुळे चूक झाली हेच कळत नाही.

पैसे मर्यादित आहेत. आधी कशावर घालू?

हेल्मेट, ब्रेक, टायर. याच क्रमाने. सस्पेन्शन चौथे. कार्बनचे हँडल आणि रंगीत पेडल या यादीत नाहीत.

सुरक्षा साहित्यात काय सक्तीचे असते?

फुल फेस हेल्मेट सक्तीचे, सरावातही. हनुवटीचा पट्टा सैल असेल तर मार्शल, म्हणजे ट्रॅकवर लक्ष ठेवणारा आयोजकांचा माणूस, सुरुवातीलाच थांबवतो. एएसटीएम एफ १९५२ हे डाउनहिल हेल्मेटचे मानक आहे, तो शिक्का शोधा. मोटोक्रॉसचे हेल्मेट जड असते आणि आपल्या उकाड्यात त्यात डोके शिजते. गुडघ्यांचे पॅड, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि गॉगल घ्याच. पाठीच्या संरक्षकावर ईएन १६२१-२ हा शिक्का हवा. झाडीतल्या ट्रॅकवर गॉगलची काच पारदर्शक ठेवा. उन्हातून सावलीत शिरताच काळ्या काचेतून मुळे दिसत नाहीत, आणि मुळे नेमकी तिथेच असतात.

एकदा जोराचा आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बाद. आतला फोम एकदाच दबतो.

पुढचा ब्रेक कोणत्या हाताला असावा?

आपल्या साध्या सायकलींना आणि मोटारसायकलला पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. अमेरिकेत आणि युरोपच्या बऱ्याच देशांत तो डावीकडे, आणि तिथून आलेल्या सायकली तशाच विकल्या जातात. कोणतीही पद्धत चूक नाही, पण रोजची मोटारसायकल आणि शर्यतीची सायकल एकाच बाजूची असलेली बरी. मित्राची सायकल घेऊन रन मारण्याआधी सपाटीवर दोन्ही लिव्हर दाबून पाहा. मागचा समजून पुढचा पूर्ण दाबला की माणूस हँडलवरून पुढे जातो.

उतारावर ब्रेक अचानक मऊ पडतात किंवा किंचाळतात. का?

ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत.

लिव्हर हँडलपर्यंत येत असेल तर ऑइलमध्ये हवा आहे, किंवा ऑइल उकळले आहे. डॉट ऑइल (गाड्यांच्या ब्रेकमध्ये असते तसले) हवेतला ओलावा ओढते आणि पाणी मुरलेले ऑइल लवकर उकळते. म्हणून पावसाळा संपला की ब्लीडिंग, म्हणजे हवा काढून ऑइल बदलणे, करून घ्या. शिमानो कंपनीच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असते, स्रॅम कंपनीच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट, तर काही नव्यांत मिनरल. दोन्हींची अदलाबदल केली तर आतली रबरी सील फुगतात आणि ब्रेक कायमचा जातो. डॉटच्या ब्रेकला मोटारसायकलच्या दुकानातले डॉट ४ चालते. डॉट ५ मात्र सिलिकॉनचे असते, ते घालू नका. लिव्हरच्या झाकणावर काय छापले आहे ते वाचूनच बाटली उघडा.

लिव्हर घट्ट आहे पण सायकल थांबत नाही आणि आवाज येतो, तर पॅड चकचकीत झाले आहेत किंवा त्यांना तेल लागले आहे. पॅड काढून उजेडात धरा. पृष्ठभाग काचेसारखा चमकत असेल तर सपाट फरशीवर १२० नंबरचा सँडपेपर ठेवून त्यावर पॅड आठाच्या आकड्यात फिरवा, मॅट होईपर्यंत. रोटर, म्हणजे ब्रेकची डिस्क, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तेल आतपर्यंत मुरले असेल तर घासून उपयोग नाही, पॅड बदला. चेनवर मारायचा स्प्रे हे याचे नेहमीचे कारण. तो रोटरवर उडतोच.

नवे पॅड थेट शर्यतीला नेऊ नका. बेताच्या वेगाने जाऊन, चाक लॉक न करता, चालण्याच्या वेगापर्यंत ठाम ब्रेक दाबा. असे २० वेळा, मग थोड्या जास्त वेगाने १० वेळा. पूर्ण थांबायचे नाही. थांबलात तर पॅडचा थर रोटरवर एका जागी चिकटतो आणि ब्रेक धडधडतो.

लांब उतारावर ऑरगॅनिकपेक्षा मेटल पॅड टिकतात. रोटर किमान २०० मिमीचे घ्या. शिमानोचा नवा रोटर १.८ मिमी जाड असतो, १.५ मिमीपर्यंत झिजला की बदला.

उष्णतेची ही डोकेदुखी खेळाइतकीच जुनी आहे. कॅलिफोर्नियात १९७६ पासून ज्या उतारावर शर्यती होत, त्याचे नावच ‘रिपॅक’ पडले. एका उतारात मागच्या हबमधल्या ब्रेकचे ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे.

टायरमध्ये हवा किती ठेवू? बाभळीच्या काट्यांचे काय?

७० किलोच्या स्वाराने जाड डाउनहिल केसिंगच्या (केसिंग म्हणजे टायरचे कापडी अंग) २.४ किंवा २.५ इंची ट्यूबलेस टायरला पुढे २३-२५ आणि मागे २६-२८ पीएसआयपासून सुरुवात करावी. पातळ ट्रेल केसिंग असेल तर दोन पीएसआय वाढवा. दगडावर रिम ‘टण्’ वाजली तर हवा कमी आहे. वळणात टायर कडेने श्वास सोडल्यासारखा फुसकन हवा सोडतो, तेव्हाही कमी. ओबडधोबड भागात सायकल चेंडूसारखी टप्पे खात असेल तर जास्त.

हवा नेहमी एकाच गेजने आणि रनच्या आधी मोजा. तापमान १० अंशांनी वाढले की दाब साधारण एक-सव्वा पीएसआयने वाढतो. पहाटे मोजलेली आणि मग दुपारपर्यंत उन्हात उभी राहिलेली सायकल तुमच्या हिशेबातली राहत नाही.

ट्यूब घालून महाराष्ट्रात डाउनहिल करू नये, याला कारण बाभूळ. काटा टायरमधून आरपार जातो, टोक आत मोडते आणि ट्यूबला रनभर टोचत राहते. ट्यूबलेसमध्ये त्याच भोकावर सीलंट, म्हणजे टायरमध्ये घातलेला भोक बुजवणारा द्रव, बसते. एका टायरला १०० ते १२० मिली घाला. एक गोष्ट लक्षात ठेवा: काटा दिसला की लगेच उपटायचा नाही. रन संपवा, चाक फिरवून काटा तळाला आणा, म्हणजे सीलंट त्याच्यावर येईल, आणि मग पकडीने काढा. पांढरा थेंब बाहेर येतो, दोन-तीन बुडबुडे फुटतात आणि बंद होतो. उलट, काटा वरच्या बाजूला असताना उपटला तर सीलंट तळाशी आणि हवा बाहेर.

आपल्या उन्हाळ्यात सीलंट दीड-दोन महिन्यांत सुकते. चाक कानाजवळ हलवून पाहा, डबडब आवाज यायला हवा. व्हॉल्व्हमध्ये सीलंटची गाठ बसून हवा भरली जाईना तर व्हॉल्व्ह कोअर बदला. दोन कोअर खिशात ठेवा, वजन काहीच नसते.

सस्पेन्शन कसे लावायचे?

शर्यतीचा पूर्ण वेश घालून, हेल्मेटसकट, पेडलवर उभे राहून सॅग मोजा. पुढे ट्रॅव्हलच्या १५ ते २० टक्के, मागे शॉकच्या स्ट्रोकच्या (शॉक स्वतः जेवढा दबतो त्या लांबीच्या) ३० टक्के. म्हणजे २०० मिमीच्या फोर्कवर रबरी रिंग ३० ते ४० मिमीवर, आणि ७५ मिमी स्ट्रोकच्या शॉकवर २२-२३ मिमीवर थांबायला हवी. बसून मोजलेत तर मागचा आकडा खोटा येतो.

रिबाउंडसाठी, म्हणजे दबलेले सस्पेन्शन किती वेगाने परत वर येते ते ठरवण्यासाठी, फुटपाथच्या कडेवरून बसल्या बसल्या उतरा. सायकल दबून एकदा वर यावी आणि स्थिर व्हावी. दुसऱ्यांदा उसळली तर रिबाउंड एक क्लिक हळू करा. लागोपाठच्या दगडांवर फोर्क खाली खालीच जात असेल तर तो जास्त हळू झाला आहे. क्लिक नेहमी पूर्ण बंद स्थितीपासून मोजा आणि आकडा लिहून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. शर्यतीच्या सकाळी मात्र काहीच बदलू नका, शेजारचा कितीही आत्मविश्वासाने सांगत असला तरी.

शर्यतीचे दोन दिवस कसे जातात?

शनिवारी सकाळी नोंदणी, नंबर प्लेट आणि सायकलची तपासणी. हँडलची टोके उघडी असतील तर तिथेच परत पाठवतात. उघडी नळी मांडीत बिस्किटाच्या साच्यासारखी घुसते. मग ट्रॅक पायी पाहायचा आणि दुपारी सराव. रविवारी सकाळी छोटा सराव, त्यानंतर शर्यत. काही क्लब दोन रन देतात आणि चांगला वेळ धरतात, काही आधी सीडिंग (सुटण्याचा क्रम ठरवणारा रन) आणि मग एकच अंतिम रन घेतात. माहितीपत्रकात हे वाचलेले असावे. दोन रन असतील तर पहिला सुरक्षित मारून नाव लावून घ्यावे.

आपल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी वर हजर राहा. उशीर झाला तरी घड्याळ तुमच्या ठरलेल्या वेळेलाच सुरू होते.

ट्रॅक पायी पाहणे खरेच गरजेचे आहे का? सरावात कळतेच की.

सरावात तुम्हाला तेवढेच कळते जेवढे त्या वेगात दिसते. क्लबच्या शर्यतीतला सर्वांत स्वस्त फायदा पायी मिळतो आणि बहुतेक जण तो गप्पा मारत वाया घालवतात.

दोनदा चाला. पहिल्यांदा सरळ खाली उतरा, फक्त क्रम डोक्यात बसवा. दर वळणानंतर मागे वळून वर पाहा. वरून न दिसलेली लाइन, म्हणजे चाक न्यायची वाट, खालून दिसते. दुसऱ्यांदा प्रत्येक अवघड जागी गुडघे वाकवून डोळे सायकलवरच्या उंचीला आणा आणि तीन गोष्टी ठरवा: ब्रेक कुठे धरायचा, कुठे सोडायचा, नजर कुठे ठेवायची. खूण म्हणून झाड, कातळ, बांध घ्या. उभ्या मार्शलची किंवा ठेवलेल्या पिशवीची खूण घेऊ नका. ती माणसे चहाला जातात.

एक वळण जवळून पाहू. डावीकडे वळणारा उतार, बाहेरच्या बाजूला कललेला, त्यावर सुटा मुरूम. वळणाच्या आधी सहा-सात फुटांचा उघडा कातळ. नवखा कातळावरून सुसाट येतो, मुरमात शिरल्यावर घाबरून ब्रेक धरतो, पुढचे चाक निसटते आणि तो टेपमध्ये जातो. त्याच्या मागचा दहावा स्वार येईपर्यंत तिथे मुरूम उकरून चर पडलेला असतो. पकड आहे ती कातळावर. तेव्हा सगळे ब्रेकिंग कातळावर उरकायचे, त्याची कड येताच दोन्ही बोटे सैल, बाहेरचे म्हणजे उजवे पेडल खाली, वजन त्यावर, आणि नजर वळणाच्या तोंडावर नाही तर पलीकडच्या झाडावर. मुरमातून सायकल थोडी घसरेल. घसरू द्या.

सरावाचे पहिले दोन रन हळू, पण न थांबता मारा. मग एकेक तुकडा घ्या. थांबायचेच असेल तर टेपच्या बाहेर, आणि बाहेर जाण्याआधी वर पाहून.

वेळ नेमका कुठे वाचतो? पेडल मारण्यात?

नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रियातल्या लिओगँगच्या वर्ल्ड कपला अमेरिकेच्या आरोन ग्विनची चेन सुरुवातीलाच तुटली. उरलेला सगळा ट्रॅक त्याने एकही पेडल न मारता उतरला आणि शर्यत जिंकली. कारण त्याला वेग परत मिळवण्याचा मार्गच नव्हता. जो वेग होता तो त्याने ब्रेकवर उधळला नाही.

क्लबच्या स्वाराचा वेळ तीन ठिकाणी गळतो. सरळ पट्ट्यात ब्रेक नुसताच घासत राहणे, वळणाच्या आत ब्रेक धरणे, आणि ट्रॅकच्या शेवटच्या एक-तृतीयांश भागात दम संपून उभे राहता न येणे. पहिल्याला उपाय एकच: थोड्या वेळासाठी जोरात ब्रेक, मग पूर्ण मोकळे. नुसत्या घासत्या ब्रेकने सस्पेन्शनही आखडते आणि रोटरही तापतो.

दीड मिनिटातच हात भरून येतात, बोटे उघडत नाहीत. काय करू?

भीतीने हँडल आवळले जाते, हे पहिले कारण. दुसरे कारण लिव्हर. तो एका बोटाने, तर्जनीच्या पहिल्या पेराने दाबता यायला हवा. दूर असेल तर रीचचा, म्हणजे लिव्हर हँडलजवळ आणणारा, स्क्रू फिरवा. हँडलच्या जाड-बारीक ग्रिपनेही फरक पडतो. टाचा खाली ठेवल्या की वजन हातांवरून पायांवर जाते. व्यायामात जड बादल्या दोन्ही हातांत धरून चालणे, बारला लटकणे, जोर-बैठका. दोरीचा मल्लखांब केलेल्या मुलांना पकड वेगळी शिकवावी लागत नाही.

पावसात शर्यत होते का?

होते, पण माती कोणती यावर सारे. मुरूम पाणी सोडतो, त्यामुळे पाऊस उघडल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्यावर वर्षातली सर्वांत चांगली पकड मिळते. काळी माती चाकाला लगद्यासारखी चिकटून फोर्कमध्येच भरते आणि चाक फिरायचे थांबते. तिथे शर्यत ठेवूच नये. जांभ्याचा खरखरीत दगड ओला असला तरी थोडी दाद देतो. शेवाळलेल्या काळ्या कातळावर मात्र ब्रेकही नको आणि वळणही नको. सायकल सरळ उभी ठेवून जाऊ द्यायची.

फेब्रुवारीनंतर उलटा प्रकार. कडक जमिनीवर बारीक खड्यांचा थर येतो आणि चाक गोट्यांवरून गेल्यासारखे सरकते. वाळलेले गवत दगड झाकते, तेव्हा शॉर्टकटची लाइन आधी पायाने चाचपून पाहा.

पिकअपमधून सायकली नेताना काय बिघडते?

सर्वांत जास्त नुकसान इथेच होते, ट्रॅकवर नाही. हौद्याच्या फळीवर जुनी गादी किंवा गोणपाटाच्या तीन-चार घड्या बांधा. एका सायकलचे पेडल दुसरीच्या फ्रेमला लागू नये म्हणून एकाआड एक उलट्या ठेवा. दोरी फोर्कच्या चकचकीत नळ्यांवरून कधीच नेऊ नका. त्यावर नखाला लागेल एवढा ओरखडा आला तरी तिथून ऑइल गळायला लागते. बांधायला जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चांगल्या. आणि माणसांनी सायकलींच्या ढिगात बसू नये.

सुट्या भागांत काय बरोबर असावे?

तुमच्याच फ्रेमचा डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग ज्यावर बसतो तो तुकडा. तो दगडाला लागून वाकतोच, आणि दुसऱ्या फ्रेमचा बसत नाही. गावच्या दुकानात तर तो मिळतच नाही. त्याशिवाय पॅडच्या दोन जोड्या, टायर प्लग, १२० मिली सीलंट, चेनची क्विक लिंक, शॉक पंप, झिप टाय, ४, ५, ६, ८ मिमीच्या अ‍ॅलन की आणि रोटरसाठी टी २५. रोटरचे बोल्ट कंपनीने मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळतात. दर दोन रननंतर स्टेम (हँडल धरणारा भाग), रोटर आणि क्राउनच्या बोल्टवर हात फिरवा.

पडलो तर?

उठता येत असेल तर आधी स्वतः, मग सायकल टेपबाहेर. उठता येत नसेल तर हलू नका. मार्शल पिवळा झेंडा दाखवून मागच्यांचा वेग कमी करेल, लाल दाखवला तर मागच्याने थांबायचेच. दुसऱ्याच्या अपघातामुळे तुम्हाला थांबवले असेल तर खाली पोहोचताच पंचांकडे पुन्हा रनची मागणी करा. वेळ पाहून मग तक्रार केली तर कोणी ऐकत नाही.

डोके आपटले, क्षणभर काही आठवेना, मळमळ किंवा गरगर वाटली, तर त्या दिवशीची शर्यत संपली. यात सवलत नाही. हातावर पडून अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तर तिथल्या स्कॅफॉइड हाडाला तडा असू शकतो. पहिल्या एक्स-रेत तो पुष्कळदा दिसत नाही. दुखणे राहिले तर १० ते १४ दिवसांनी पुन्हा दाखवा, नाहीतर हाड जुळत नाही आणि पुढे मनगट कायम कुरकुरते.

ट्रॅकवर १०८ ची गाडी कुठपर्यंत येऊ शकते हे आयोजकांना आधीच विचारा. अपघात विम्याच्या पॉलिसीत साहसी खेळ वगळले आहेत का तेही वाचा.

सराव कुठे करायचा?

जमिनीच्या मालकाला विचारून. वनखात्याची जागा असेल तर लेखी परवानगी लागते, अभयारण्यात प्रश्नच नाही. शेताचा बांध उड्या मारायला वापरू नका; तो एका पावसात फुटला तर पुढची दहा वर्षे त्या गावात कोणी सायकल घेऊन जाऊ शकणार नाही. गुरे चरायची वेळ टाळा, आणि पहिला रन नेहमी हळू. वळणापलीकडे शेळ्या बसलेल्या असतात.

क्लबनंतर पुढची पायरी कोणती?

राज्य संघटनेमार्फत राष्ट्रीय माउंटन बाइक स्पर्धा. आंतरराष्ट्रीय नियमांत ज्युनियर गट १७-१८ वर्षांचा असतो, आणि वय त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला किती भरते त्यावर ठरते. आशियाई माउंटन बाइक स्पर्धा २०२३ मध्ये केरळात पोनमुडीला झाली, त्यामुळे मोठ्या स्पर्धेचा ट्रॅक कसा असतो हे आता दूर जाऊनच पाहावे लागते असे नाही.

निकालपत्रकावरचे डीएनएफ, डीएनएस, डीएसक्यू म्हणजे काय?

डीएनएस म्हणजे सुटलाच नाही, डीएनएफ म्हणजे रन पूर्ण केला नाही, डीएसक्यू म्हणजे बाद. बाद होण्याचे नेहमीचे कारण टेप. ट्रॅक सोडून बाहेर गेलात तर जिथून गेलात तिथूनच परत आत यायचे. दहा फूट खाली आत शिरलात की संपले, वेळ वाचला नसला तरी. आणि डीएनएफ असलात तरी टायमिंगची चिप परत करायची असते.